चावडीचं निर्लेखन

जुनी सरकारी इमारत पाडायची तर आधी तिचं निर्लेखन करावं लागतं, म्हणजे ती सरकारी नोंदीतून रीतसर कमी करावी लागते. बांधकामाचं वर्ष, मोजमापं, सद्यस्थिती, निघणाऱ्या लाकूड-दगडाची किंमत असा तक्ता भरायचा आणि ग्रामसभेचा ठराव जोडायचा. बहुतेक वेळा पडक्या शाळाखोल्या असतात, काम पटकन उरकतं. या गावात मात्र चावडी होती.

पाच खणांची इमारत. घडीव काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या दीड हात जाड भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. सागवानी खांबांवर कोरीव हस्त, म्हणजे तुळईला आधार देणारे लाकडी तुकडे, त्यांवर तुळया, आणि सांध्यांत एकही खिळा नाही. तुळई कुजते ती भिंतीत गेलेल्या टोकाशी, म्हणून तिथली माती खरवडून प्रत्येक टोकात टोच्या घालून पाहिला. दोन तुळया सोडल्या तर लाकूड टणक होतं. मागची भिंत तेवढी फुगली होती, कारण तिला कधीतरी सिमेंटचा गिलावा केलेला. मातीच्या भिंतीला ओल बाहेर टाकायला वाट लागते. सिमेंटने ती बंद होते आणि भिंत आतून सडते. हे ठाऊक नसलेले ठेकेदार आणि त्यांची बिलं मंजूर करणारे अभियंते यांनी पावसापेक्षा जास्त जुन्या इमारती पाडल्या आहेत.

बांधकामाच्या वर्षापुढे नोंदवहीत ‘उपलब्ध नाही’. पाटील-कुलकर्णी इथे बसून सारा गोळा करत. कुलकर्णी वतन १९५१ मध्ये गेलं, पाटीलकी १९६३ मध्ये. पुढे इथे तलाठी बसले, मग ग्रामपंचायत.

ग्रामसभेत मी सांगितलं, पाडायची गरज नाही. मागची भिंत उतरवून मातीतच पुन्हा बांधू, दोन तुळया बदलू. बरेच जण खूश झाले. गावाचा वारसा, दर्शनी पाटी वगैरे बोलणं सुरू झालं. तेव्हा मागे बसलेले एक आजोबा उठले.

“साहेब, तुम्ही आत जाऊन तुळया मोजल्या. माझा आजा या जोत्याखाली उभा राहायचा. साऱ्याची थैली तालुक्याला त्यानंच पोचवायची, पण पायरी चढायची नाही. ठेवा नायतर पाडा. पाटीवर कुणाची नावं लिवणार, ते आत्ता सांगा.”

महार वतनातल्या अशाच वेठीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं होतं. वतन रद्द व्हायला १९५९ उजाडलं. म्हणजे ही काही फार जुनी गोष्ट नाही. “जुनं कशाला उकरायचं?” असं कुणीतरी म्हणालं, ते मला अजिबात आवडलं नाही. वारसा म्हणून खांब जुने चालतात, मग ही आठवण का नको?

शेऱ्याच्या रकान्यात मी आजोबांचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं. दुरुस्तीची शिफारस वरिष्ठांनी मान्य केली, पण तांत्रिक अहवालात हा मजकूर नको, तो काढून फेरसादर करा असा शेरा मारला. मी अजून तो काढलेला नाही. प्रस्ताव तसाच अडकला आहे, आणि मागच्या भिंतीला पावसाळ्याआधी टेकू द्यायलाच हवा.