नातं : एकाच दिंडीतल्या

सासवडच्या मुक्कामातला एक कागद कार्यालयातून परत आलाय. वर लाल शेरा : ‘रुग्णाशी नाते स्पष्ट करावे.’ दोन आठवडे झाले, तो माझ्या टेबलावर पडून आहे.

माउलींच्या पालखीबरोबर आरोग्य पथकात स्टाफ नर्स म्हणून जाण्याची ही माझी पाचवी वारी. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, वर दिवेघाटाची चढण, आणि नेमकी एकादशी. संध्याकाळपासून तंबूत पायच पाय. फोड कापायचा नसतो. कडेला निर्जंतुक सुई टोचून पाणी काढायचं आणि वरची कातडी तशीच ठेवायची, तीच उत्तम पट्टी असते. पण लोक दोरा ओवून येतात आणि पू घेऊन बसतात. त्यात वाटेवर हौसेनं फुकट गोळ्या वाटणारे! उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या देताना एकही जण ‘काही खाल्लं का’ एवढंही विचारत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

आठच्या सुमाराला चार बायकांनी एका आजींना उचलून आणलं. ऊन लागलं म्हणून डोक्यावर पाणी ओतलेलं. पण अंग गार, घामानं निथळलेलं, बोलणं असंबद्ध. रक्तातली साखर बघितली : 41, म्हणजे फारच कमी. शीर सापडेना. तिसऱ्या प्रयत्नात मनगटाजवळ सुई बसली आणि पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, सुरू केलं. पंधरा मिनिटांत आजींनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, “आपली दिंडी कुठं उतरली?”

सकाळी मधुमेहाची गोळी घेतलेली, आणि एकादशी निरंकार. त्या गोळीचा, ग्लिमेपिराइडचा, असर सलाईननं संपत नाही, साखर पुन्हा पडते. रात्रभर देखरेख हवी. डॉक्टरांनी ग्रामीण रुग्णालयात पाठवायचं ठरवलं. आजी हटून बसल्या. “लेकाला कळवू नगा. तो गाडी घेऊन येईल अन् घरी नेईल मला.”

दहा वाजता साखर 62. आता तोंडानं खाणं भागच होतं. मी केळं पुढं केलं, त्यांनी तोंड फिरवलं. “द्वादशीला सोडीन.” मी समजावलं, डॉक्टर रागावले, काही उपयोग झाला नाही. तेव्हा पायथ्याशी बसलेली त्यांच्या दिंडीतली बाई उठली. तिचाही उपास निरंकारच. तिनं केळं सोललं, मधोमध मोडलं आणि अर्धं स्वतःच्या तोंडात घातलं. “घ्या आक्का, आता माझा बी मोडला.” आजी तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी उरलेलं अर्धं हातात घेतलं.

ती रात्र तंबूतच काढायचं ठरलं. सासवडला पालखीचे दोन मुक्काम असतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी दिंडी हलणार नव्हती. आजींना ते ठाऊक होतं, म्हणूनच त्या निवांत झोपल्या. दर दोन तासांनी मी बोट टोचत होते. दिंडीतल्या बाया आळीपाळीनं उशाशी बसत होत्या. रुग्णालयात जायला नकार दिल्याच्या कागदावर ‘नातेवाईक’ म्हणून सही केळं मोडणाऱ्या बाईंनी केली. ‘नातं’ या रकान्यात काय लिहू, विचारलं. म्हणाल्या, “एकाच दिंडीतल्या. सोळा वर्षं झाली.” मी तसंच लिहिलं.

मुलाला फोन केला नाही. आजी शुद्धीवर होत्या, त्यांचं ऐकणं बरोबरच होतं असं मी स्वतःला सांगते. पण तीनला साखर जेमतेम 70 निघाली तेव्हा माझा हात मोबाइलवर गेला होता. पहाटे काही झालं असतं, तर त्या मुलाला मी काय तोंड दाखवलं असतं?

जेजुरीकडं निघायच्या सकाळी साखर 134 होती. डॉक्टरांनी ती गोळी बंद करून दुसरी दिली आणि जेवणानंतरच घ्यायची म्हणून बजावलं. बाईंनी पाकीट आजींच्या हातून काढून घेतलं, स्वतःच्या कमरेच्या पिशवीत टाकलं आणि नाडी आवळली. “जेवल्याबिगर मिळायची नाही आता.” आजी काहीच बोलल्या नाहीत. टाळ गळ्यात अडकवून तिच्या मागोमाग चालू लागल्या.