सिगारची छाट

सिगारला गुण देणाऱ्या लोकांचं मला कौतुक वाटतं, पण पुरता विश्वास बसत नाही. दिसणं, ओढ (धूर किती सहज ओढला जातो ते), जळणं, चव असे रकाने आखायचे आणि शेवटी शंभरपैकी ९१ किंवा ९२. मधला एक गुण कशाने वाढला, ते विचारायचं नसतं.

हे खूळ आमच्या सोलापुरात आणलं एका मित्राच्या दुबईतल्या जावयानं. क्यूबा, निकाराग्वा आणि डॉमिनिकन रिपब्लिक अशा तीन देशांच्या सिगार त्यानं आणल्या. मित्रानं लगेच गच्चीवर परीक्षा भरवली. सिगारच्या कमरेच्या कागदी पट्ट्या काढून टाकल्या, नंबर घातले, वह्या वाटल्या. नाव दिसलं की जीभ खोटं बोलते, हे जगभरचे परीक्षकही मानतात.

पण त्याआधी हवेचा प्रश्न होता. सिगारला साधारण ७० टक्के आर्द्रता लागते, म्हणून शौकीन तिला सीडर लाकडाच्या पेटीत जपतात. एप्रिलच्या सोलापुरात माणसाचे ओठ फुटतात, तिथं सिगारचं वरचं पान काय टिकणार! ते तडकलं की जळणं वाकडं झालंच. मित्र पेटीत ओला स्पंज ठेवत होता, ते बघून शेजारची अक्का हसली. अक्का विड्या वळते. तिची तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली असतात. पान कोरडं झालं की वळताना फाटतं, हे तिला कुणी पेटी घेऊन शिकवायला नको.

तिच्या हातात सिगारी दिल्या. पदराला हात पुसून तिनं एकेक उचलली आणि अंगठा नि दोन बोटांत धरून टोकापासून डोक्यापर्यंत हलकेच फिरवत नेली. तिसऱ्या नंबरच्या सिगारवर मध्येच बोटं थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा तिथंच थांबली. “इथं गाठ हाय, अण्णा. ही नीट ओढणार नाय. आमच्याकडं छाटीत गेली असती.” कारखान्यात विड्या जमा करताना तपासणारा सदोष विड्या बाजूला काढतो, ती छाट. तिची मजुरी मिळत नाही. बोटं शहाणी होणारच.

ओढली तेव्हा तीन नंबरवर सगळ्यांचे गाल आत गेले, धूर मात्र येईना. सिगारीत आतल्या पानांचं फिलर, त्याला बांधणारं बाइंडर आणि वर देखणं रॅपर असतं. क्यूबात फिलरमध्ये तीन जातींची पानं घालतात: रोपाच्या शेंड्याकडचं कडक लिगेरो, मधलं सुवासाचं सेको आणि बुडाकडचं, चटकन पेटणारं वोलादो. ती दाबून बसली की हवेची वाट बंद, आणि मग रॅपर कितीही देखणं असलं तरी काय उपयोग?

चवीवर मात्र रीतसर भांडण झालं. एकाला कॉफी लागली, एकाला मिरी, एकाला चामडं. मला जळत्या आगटीवरचा हुरडा आठवला, तो कुणी लिहून घेतला नाही. क्यूबाच्या नावानं शपथा वाहणाऱ्या गृहस्थांनी सगळ्यात जास्त गुण निकाराग्वाच्या सिगारला दिले. त्यांची फार चूक नाही. १९६० साली क्यूबात तंबाखूचे कारखाने सरकारजमा झाले, तेव्हा बरेच जाणकार देश सोडून गेले. क्यूबन बियाणं निकाराग्वा आणि डॉमिनिकन रिपब्लिकच्या मातीत रुजलं. पाद्रोन हे आज निकाराग्वाशी जोडलेलं सिगारचं नावसुद्धा १९६४ साली मायामीत एका क्यूबन निर्वासितानं सुरू केलं. कोहिबा ही नावाजलेली सिगार मात्र क्यूबातच, १९६६ साली जन्मली.

त्या क्यूबाच्या कारखान्यांत १८६५ पासून एक चाल आहे: कामगार सिगार वळत असताना कुणीतरी त्यांना वर्तमानपत्र, कादंबरी वाचून दाखवतं. आमच्याकडे ते काम टीव्हीवरच्या तेलुगू मालिका करतात, आणि अक्कांचे हात एकदाही थांबत नाहीत.

माझ्या वहीत मी चवीचा रकाना कोराच ठेवला. ओढ आणि जळणं या दोनच गोष्टींवर मला ठाम मत देता येतं, आणि त्यातली पहिली अक्कानं काडी न पेटवता सांगितली होती. पुढच्या खेपेला पेटी आधी तिच्याकडे जाणार, हे ठरलं आहे. तिनंही अट घातली आहे: राख गच्चीवर झटकायची नाही, तिथं पापड वाळत असतात.