टो पिक

नवतपा सुरू झाल्यापासून दुपारी घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय उरलेली नाही. म्हणून काल पडदे ओढून, कूलरसमोर बसून आम्ही दोघांनी लेकीने सुचवलेला ‘द कटिंग एज’ पाहिला. चित्रपट 1992 चा. बाहेर पारा 45 अंशांवर आणि पडद्यावर बर्फच बर्फ. माझ्यासारखीला तेवढेही पुरेसे होते. पण मध्येच यांनी एक वाक्य उच्चारले आणि तेव्हापासून माझे चित्त ठिकाणावर नाही.

गोष्ट तशी सरळ आहे. डग हा आइस हॉकीचा खेळाडू. 1988 च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये झालेल्या दुखापतीने त्याची नजर अधू होते आणि हॉकी सुटते. केट फिगर स्केटिंग करणारी, श्रीमंताघरची, नाकावर माशी बसू न देणारी. तिच्यापाशी एकही जोडीदार टिकत नाही. रशियन प्रशिक्षक या दोघांची जोडी जमवतो. हॉकीच्या स्केटच्या पात्याला पुढे दाते नसतात, फिगर स्केटच्या पात्याला असतात. डग जुन्या सवयीने पुढच्या टोकावर भार देऊन निघतो, दाते बर्फात रुततात आणि तो तोंडावर आपटतो. त्यावर केट दोनच शब्द उच्चारते, ‘टो पिक’, म्हणजे त्या दात्यांचेच नाव.

मी खळखळून हसले. हे हसले नाहीत. पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, ‘‘तुझंही असंच असतं.’’

रात्रभर मी मनातल्या मनात वाद घातला. इतकी वर्षे या घराचे सगळे मी निस्तरायचे, आणि ‘मी म्हटलं होतं ना’ एवढे चार शब्द बोलण्याचाही मला हक्क नसावा? काटोलच्या जमिनीच्या वेळी मी गप्प बसले होते, आणि त्याचे पुढे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. वन्संच्या बाबतीत तर मी आजही काही बोलत नाही, ते असो. शिवाय केट चुकीचे असे काय बोलते? तो कशामुळे पडला, तेच तर सांगते.

पहाटे तीनच्या सुमारास दिवे गेले, कूलर बंद पडला आणि त्या शांततेत एक नकोशी गोष्ट लक्षात आली. केट कारण सांगते ते तो पडल्यावर. आधी सांगितले असते तर तो पडला नसता, आणि मग तिला ते दोन शब्द उच्चारताही आले नसते. मी मात्र आधीच सांगते, असे मी स्वतःला ठामपणे बजावले. आणि लगेच आठवले की कूलरच्या टाकीतला फ्लोट अडकतो आहे, हे मी चार दिवसांपासून पाहते आहे. यांच्या ते कधी लक्षात येते, याची मी वाट पाहत होते. वाट पाहणे हा शब्दही जरा सौम्यच झाला.

चित्रपटाच्या शेवटी, 1992 च्या आल्बेरव्हिलच्या ऑलिंपिकमध्ये, डग तिला पायांना धरून गरगर फिरवतो आणि हवेत भिरकावून पुन्हा झेलतो. ज्याला इतके टोचून बोलायचे त्याच्याच हाती पाय द्यायचे, हे धाडस मला त्या कसरतीपेक्षा मोठे वाटले. आमच्याकडे एवढे काही नसते. यांच्या स्कूटरवर मागे बसून सीताबर्डीच्या गर्दीतून जाणे, हीच आमची कसरत. आणि तिथेही माझे तोंड चालूच असते, हे कबूल केले पाहिजे.

आज सकाळी यांनी टाकीत पाइप सोडला आणि पेपर वाचत बसले. फ्लोट अडकला, पाणी गच्चीच्या दारापर्यंत आले, यांची चप्पल तरंगू लागली. मी पोह्यांवरची तर्री ढवळत राहिले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. हे उठले, नळ बंद केला, पायजमा दुमडून पाण्यात थोडा वेळ नुसतेच उभे राहिले. मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, ‘‘अगं, म्हण ना आता.’’

मी म्हटले.