गळ्यात माळ, आणि 20 ऑगस्टला पुलावर?

भजनी मंडळातले विचारतात, माळकरी असून अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या नरेंद्र दाभोलकरांसाठी, त्यांच्या खुनाच्या दिवशी पुण्याला शिंदे पुलावर कशाला जाता? पुलावर भेटणारे विचारतात, एवढं होऊनही माळ काढवत कशी नाही? दोघांनाही एकदाच सांगतो.

माळ काढणार नाही. मारेकऱ्यांच्या पापापायी माझी एकादशी मी का मोडू?

2013च्या श्रावणात आमच्या गावी सप्ताह होता. दुपारची पंगत बसलेली, मी आमटीची बादली घेऊन वाढत होतो. कुणीतरी मोबाइलवर बातमी वाचून दाखवली. दाभोलकर सकाळी फिरायला निघाले होते, ओंकारेश्वराजवळच्या याच शिंदे पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. पंगत क्षणभर थांबली. मला पखवाज शिकवणारे आमचे बुवा, वाटेत मुंगी दिसली तर पाऊल वळवणारा माणूस, पत्रावळीवरून मान वर न करता म्हणाले, "बरं झालं. वारी बंद करायला निघाला होता." दोघं-तिघं हसले. बुवांनी द्रोण पुढं केला. मी आमटी वाढली.

वारी बंद होणार हे बुवांना कुणी सांगितलं? दाभोलकर ज्यासाठी झटत होते त्या जादूटोणाविरोधी विधेयकात तसलं काही नव्हतं. खुनानंतर आठवड्याभरात वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. यात्रा, कीर्तन, प्रदक्षिणा यांना तो लागू नाही असं त्यात चक्क लिहिलंय. पालख्या दरवर्षी निघतातच. पण ती भीती वर्षानुवर्षं गावोगाव पेरली गेली, आणि पेरणारे काही टाळकरी नव्हते.

म्हणून मी पूर्वी छातीठोकपणे सांगायचो, हे सगळं राजकारण, श्रद्धेचा काडीचा संबंध नाही. कुणी "सगळे माळकरी तसलेच" म्हटलं की आजही भांडतो. बुवांनी उभ्या आयुष्यात कुणाला चापट मारली नाही. पण मग ती भीती नेमकी आमच्याच पंगतीत का रुजली? नुसत्या राजकारणाला बुवांच्या तोंडून "बरं झालं" वदवता आलं असतं? देवाचं नाव मध्ये आल्याशिवाय ते जमलं नसतं, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, देव नसता तर जात असती, भाषा असती.

2024मध्ये न्यायालयानं गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघं सुटले. सूत्रधार कोण, ते अजून बाहेर आलेलं नाही. बुवांच्या शेजारी मी अजूनही टाळ घेऊन उभा राहतो. गंमत अशी की गेली इतकी वर्षं सगळे मलाच विचारतात. बुवांना कुणीच काही विचारलेलं नाही, मीसुद्धा नाही.