‘टू’च्या पुढचं ‘इंग’

नोकरीच्या अर्जाची शेवटची ओळ बहुतेकांना पाठ असते, आणि पाठ असूनही ती चुकते. ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.’ ‘टू’ दिसला की पुढे क्रियापदाचं मूळ रूप, हे शाळेत इतकं घोटून घेतलेलं असतं की बोटं अडखळतच नाहीत. वाँट टू गो, ट्राय टू गो, हॅव टू गो. मग ‘लुक फॉरवर्ड’नेच काय घोडं मारलंय?

मारलंय ते असं, की हा ‘टू’ तो ‘टू’ नव्हे. ‘वाँट टू गो’मधला टू पुढे क्रियापद येतंय एवढंच सांगतो. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला टू मात्र अस्सल प्रेपोझिशन (आपल्याकडचं शब्दयोगी अव्यय) आहे, ‘गो टू पुणे’मध्ये असतो तसा. प्रेपोझिशनला पुढे नाम लागतं. क्रियापदाला तिथे यायचंच असेल तर ‘इंग’ लावून, नामाचा सदरा अंगात घालून यावं लागतं. त्यालाच जेरंड म्हणायचं. म्हणून ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. खरं तर हे दोन्ही टू मुळात एकच. जुन्या इंग्रजीत क्रियापदाच्या एका खास रूपाआधी टू हे प्रेपोझिशनच येई; पुढे त्या रूपाचे प्रत्यय झिजले आणि टू नुसती खूण म्हणून उरला. पण हा इतिहास अर्ज लिहिताना कामाचा नाही.

कामाची आहे ती एक चाचणी. टूच्या पुढे क्रियापद न ठेवता ‘इट’ (म्हणजे ‘ते’) ठेवून बघा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ बरोबर वाटतं, म्हणजे इंग लावा. ‘आय वाँट टू इट’ कानाला लागतं, म्हणजे मूळ रूप ठेवा. ऑब्जेक्ट टू, कमिटेड टू, डेडिकेटेड टू, इन अ‍ॅडिशन टू, व्हेन इट कम्स टू या सगळ्यांना इंग लागतं, हे या चाचणीने एका फटक्यात कळतं. कार्यालयीन पत्रांतलं लाडकं ‘विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्ह’ही इथेच नापास होतं, तिथे ‘इम्प्रूव्हिंग’ हवं. मात्र चाचणी शंभर टक्के भरवशाची नाही. ‘अ‍ॅग्री टू इट’ चालतं, तरी म्हणायचं ‘अ‍ॅग्रीड टू गो’च. असे दोन-चार चुकार शब्द लक्षात ठेवावे लागतात.

खरी गंमत ‘यूज्ड टू’ची. ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे मी पूर्वी लवकर उठत असे, आता नाही. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे. उच्चार दोन्हीकडे सारखाच, ‘यूस्ट टू’. फरक फक्त ‘अ‍ॅम’ आणि ‘इंग’ यांचा. यातलं एक जरी गळलं तरी वाक्य धड इकडचं राहत नाही, धड तिकडचं.

मराठी माणसाला हे जड जायचं काही कारण नाही, कारण आपण दिवसभर नेमकं हेच करत असतो. ‘जाणे’ला शब्दयोगी अव्यय लावायचं झालं की ‘ण्या’ होतो: जाण्याआधी, जाण्यापेक्षा, जाण्याबद्दल. ‘जातोआधी’ कुणी म्हणत नाही. उलट आपण इंग्रजीहून एक पाऊल पुढे आहोत. व्हायचं असेल तर ‘ण्या’ आणि होऊन गेलं असेल तर ‘ल्या’: जेवण्याआधी, पण जेवल्यावर. इंग्रजीला दोन्हीकडे एकच ईटिंग पुरतं, ‘बिफोर ईटिंग’ आणि ‘आफ्टर ईटिंग’. ‘आल्याबद्दल आभार’साठी ‘थँक यू फॉर कमिंग’ पुरेसं आहे. ‘फॉर हॅविंग कम’ म्हणून दारातल्या पाहुण्याला आणखी ताटकळत ठेवू नये.

मराठी कान लावला तर कुठलं प्रेपोझिशन हवं याचाही बऱ्याचदा अंदाज येतो. येण्यापासून रोखलं, म्हणजे ‘प्रिव्हेंटेड हिम फ्रॉम कमिंग’. जाण्याचा विचार चाललाय, म्हणजे ‘थिंकिंग ऑफ गोइंग’. घोटाळा होतो तो आपण ‘जायला’, ‘करायला’ या रूपांवरून इंग्रजी करायला गेलो की. त्या ‘ला’चा टू होतो, आणि ‘थिंकिंग टू गो’, ‘इन्सिस्टेड टू पे’, ‘केपेबल टू डू’ अशी पिल्लं जन्माला येतात. बरोबर रूपं अनुक्रमे थिंकिंग ऑफ गोइंग, इन्सिस्टेड ऑन पेइंग, केपेबल ऑफ डूइंग.

‘साठी’ मात्र हमखास दगा देतो. भेटण्यासाठी आलो, म्हणून ‘आय केम फॉर मीटिंग यू’. नियमाने बघाल तर फॉरच्या पुढे इंग आहे, म्हणजे सगळं आलबेल. तरीही चूकच, कारण माणसाचा हेतू सांगताना इंग्रजीला फॉर आणि इंग ही जोडी चालत नाही. ‘आय केम टू मीट यू’ म्हणावं लागतं. वस्तूचा उपयोग सांगताना फॉर चालतो, जसं ‘अ नाइफ फॉर कटिंग ब्रेड’. आभार, माफी, शिक्षा यांचं कारण सांगतानाही चालतो. सुरी आणि माणूस यांत इंग्रजी असा भेदभाव करते, त्याला इलाज नाही.

दुसरी खोच याहून नाजूक आहे. ‘आफ्टर ईटिंग द मिसळ, द बिल केम.’ प्रत्येक शब्द जागच्या जागी, पण मिसळ खाल्ली बिलाने. ‘आफ्टर’, ‘ऑन’, ‘बाय’ यांच्या पुढे जेरंड आला की ती क्रिया मुख्य वाक्याच्या कर्त्याने केली, असं धरून चाललं जातं. मराठीत ‘मिसळ खाल्ल्यावर बिल आलं’ यात कुणालाच काही खटकत नाही, कारण ‘ल्यावर’ला वेगळा कर्ता चालतो. ‘ऊन’ला सहसा चालत नाही: ‘मिसळ खाऊन बिल आलं’ म्हटलं की मराठीतही हसू येतं. तेव्हा शंका आली की ‘ल्यावर’च्या जागी ‘ऊन’ घालून वाक्य मनात म्हणून पाहावं. तिथे हसू आलं तर इंग्रजीतही इंग नको. ‘आफ्टर वी एट द मिसळ’ असं कर्त्यासकट लिहावं. इंग्रजीत जन्मलेलेही बोलताना अशी वाक्यं टाकून मोकळे होतात, पण लेखी मजकुरात ती डोळ्यांत खुपतात.

नकार असेल तर ‘नॉट’ इंगच्या आधी: ‘सॉरी फॉर नॉट कॉलिंग’. कर्मणी असेल तर ‘बीइंग’: ‘अफ्रेड ऑफ बीइंग बिटन’. ‘बट’ आणि ‘एक्सेप्ट’ हे दोघे मात्र नियमाला जुमानत नाहीत: ‘ही डिड नथिंग बट कम्प्लेन’. तिथे इंग लावायला जाऊ नये.

राहता राहिला जेरंडच्या आधीचा माणूस. ‘आय ऑब्जेक्ट टू हिज स्मोकिंग’ की ‘हिम स्मोकिंग’? हेन्री फाउलर या इंग्रज कोशकाराने १९२६ साली ‘हिम’वाल्यांची चांगलीच खरडपट्टी काढली होती. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सनला ते पटलं नाही. नावाजलेल्या लेखकांनीही अशी वाक्यं लिहिली आहेत, हे त्याने उदाहरणं देऊन दाखवलं. आज दोन्ही चालतात. औपचारिक पत्रात ‘हिज’ भारदस्त दिसतं, बोलताना ‘हिम’ सुटसुटीत. मराठीतही ‘त्याच्या ओढण्याला’ आणि ‘त्याने ओढण्याला’ दोन्ही आहेतच. ‘हिज’चा आग्रह धरायचा तर छोट्या सर्वनामापुरता आणि नावापुरता धरावा. ‘द मॅन इन द विंडो सीट’ एवढं लांबलचक काही असेल, तर त्याच्या शेपटाला अ‍ॅपॉस्ट्रॉफी आणि ‘एस’ जोडण्याचा हट्ट सोडून सरळ ‘स्मोकिंग’ लिहावं.