कॅमेरा खाली ठेवल्यावर

नाशिकमधील एका कम्युनिटी कॉलेजात मी रेडिओ आणि दूरचित्रवाणी निर्मितीचा अभ्यासक्रम शिकवते. आमच्याकडे येणारी मुले सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी करून किंवा घरची शेती सांभाळून येतात. दिंडोरी तालुक्यात गारपीट झाली, तेव्हा तिथे जाऊन कार्यक्रम करावा, ही सूचना द्राक्षबागायतदाराच्या घरातल्याच एका विद्यार्थिनीने केली.

तिच्या ओळखीच्या बागेत आम्ही सकाळी पोहोचलो. ऑक्टोबर छाटणीपासून मुलासारखी जपलेली, काढणीला आलेली बाग होती. मणी तडकले होते, त्यांतून रस गळत होता आणि तारांखाली घडांचा सडा पडला होता. मुलांनी ट्रायपॉड लावला, शर्टाला कॉलर माइक अडकवला. पण कॅमेरा सुरू होताच बागेचे मालक एक-दोन वाक्ये बोलून थांबले आणि म्हणाले, “मॅडम, हे बंद करा. पाहुणे-रावळे बघतील. तोंड दाखवायची इच्छा नाही.”

मी कॅमेरा खाली ठेवायला सांगितले. त्या विद्यार्थिनीने पिशवीतून छोटा रेकॉर्डर काढला, “काका, नुसता आवाज घेते, चालेल ना?” असे विचारले आणि ती त्यांच्याबरोबर ओळींमधून चालू लागली. त्यानंतर ते फवारणीच्या खर्चाबद्दल, सोसायटीच्या कर्जाबद्दल, सौदा ठरवून गेलेल्या आणि आता फोन न उचलणाऱ्या व्यापाऱ्याबद्दल सविस्तर बोलले. मध्येच त्यांनी विचारले, “हे आमच्या गावात ऐकू येईल का?” सामुदायिक रेडिओचे प्रक्षेपण साधारणपणे 100 वॉटच्या मर्यादेत चालते आणि ते जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोहोचते, म्हणजे शहराबाहेरच्या या वस्तीपर्यंत ते येणार नाही, हे तिने प्रामाणिकपणे सांगितले. त्यावर ते म्हणाले, “मग तर बरंच झालं. गावाला ठाऊकच आहे. खाणाऱ्यांना कळू द्या.”

खरा वाद संकलनाच्या टेबलावर झाला. “पुढच्या वर्षी छाटणी घेणार का?” या प्रश्नानंतर ते बराच वेळ गप्प होते, मागे फक्त पानांची सळसळ आणि लांबचा ट्रॅक्टर. केंद्रावर काम केलेल्या एका विद्यार्थ्याचे म्हणणे होते की रेडिओवर एवढी शांतता गेली तर ऐकणारा केंद्र बंद पडले असे समजून दुसरीकडे वळतो. त्याचे म्हणणे चूक नव्हते. परंतु बागेचा तो आवाज सुरू असेपर्यंत ती पोकळी राहत नाही, श्रोता त्या माणसाशेजारी उभा असतो, असे मला ठामपणे वाटले. त्यामुळे आम्ही तो विराम पूर्ण ठेवला आणि बागेत वेगळा घेतलेला पार्श्वध्वनी त्याच्या आधीपासूनच हळूहळू वाढवत आणला. चित्रफितीत मात्र चेहरा नाही; तडकलेले घड, गंजलेले अँगल आणि मणी चाचपणारे हात यांवर तोच आवाज लावला.

त्या वर्षीपासून आमच्या पहिल्या सत्रात कॅमेरा दिला जात नाही. मुले आधी रेकॉर्डर घेऊन बाजार समितीत, गोदाघाटावर आणि बसस्थानकावर जातात, माणसाला बोलते करायला शिकतात आणि मगच चित्रीकरणाकडे वळतात. काही पालकांची याला हरकत असते, कारण त्यांना मुलाच्या हातात लवकर कॅमेरा दिसायला हवा असतो. त्यांना मी हाच कार्यक्रम ऐकवते.