अडत्याच्या लॅपटॉपमधले तीन संसार

गुळाच्या अडत्याचा मुलगा लॅपटॉप घेऊन दुकानात आला, तेव्हा हातात नवं वायफाय कार्डही होतं. मशीन 2012 सालचं, इंटेलच्या आयव्ही ब्रिज पिढीच्या प्रोसेसरवालं. कार्ड बसवलं की बायोस, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा चिपमधला प्रोग्राम, पुढेच जाऊ देईना. कंपनीच्या यादीत नसलेलं कार्ड त्याला चालत नव्हतं. डिस्कवर तीन ऑपरेटिंग सिस्टिमचे संसार थाटलेले: मुलाचं डेबियन लिनक्स, जीएसटीसाठी विंडोज 10 आणि वडिलांचा अडतीचा जुना हिशेब, म्हणजे मालविक्रीच्या पट्ट्या, तो फ्रीडॉस या डॉसवर.

"काहीही करा दादा, पण बाबांच्या पट्ट्या निघायला हव्यात."

म्हटलं, बायोसच्या जागी कोअरबूट टाकू. 1999 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत लिनक्सबायोस म्हणून सुरू झालेलं हे फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच राहणारं सॉफ्टवेअर. त्यात कार्डांची यादीबिदी नसते. ते मेमरी आणि चिपसेट जागं करतं आणि पुढचा कारभार पेलोडवर, म्हणजे सोबत भरलेल्या दुसऱ्या प्रोग्रामवर, सोडतं.

कीबोर्ड आणि पामरेस्ट काढलं. खाली बायोसच्या दोन चिप, एक 8 एमबीची, एक 4 ची. बॅटरी बाजूला ठेवून आठ पायांच्या चिपला क्लिप लावली आणि रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरून, 3.3 व्होल्टवर, फ्लॅशरॉम या चिप वाचण्या-लिहिण्याच्या प्रोग्रामने वाचली. दोनदा वाचली तर दोन्ही फाइलींचे हॅश, म्हणजे फाइलीवरून काढलेले ओळखीचे आकडे, वेगळे! क्लिप जराशी तिरकी बसली होती. नीट लावल्यावर सलग दोनदा जुळले. दुसरी चिपही तशीच वाचून ठेवली. (पोरं हा टप्पा गाळतात आणि मग मेलेला बोर्ड माझ्याकडे घेऊन येतात.)

पेलोड म्हणून ग्रब, म्हणजे सिस्टिम निवडून उठवणारा प्रोग्राम, घातला. डेबियन झटक्यात उठलं. विंडोज ढिम्म, डॉस तर नाहीच. चहा अर्धा झाल्यावर ट्यूब पेटली. डॉस डिस्क वाचायला इंटरप्ट 13एच मारतं, पडद्यावर लिहायला 10एच; इंटरप्ट म्हणजे बायोसला मारलेली हाक. त्या हाकेला ओ देणारा बायोसच मी काढून टाकला होता. लिनक्स एकदा मेमरीत आलं की स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतं, म्हणून त्याचं काही अडलं नाही. इतकी वर्षं या धंद्यात काढून हे आधी सुचू नये!

मग त्या हाका ऐकणारा सीबायोस पेलोड म्हणून घातला. डॉस उठलं, पण विंडोज काळ्या पडद्यावरच अडकलं. त्याला ग्राफिक्सचा मूळ व्हीजीए रॉम, म्हणजे पडदा चालू करणारा छोटा प्रोग्राम, हवा होता आणि तो होता जुन्या बायोसमध्येच. दोन्ही चिपच्या प्रती जोडून 12 एमबीची एक फाइल केली. रॉमची सुरुवात 55 एए या दोन बाइटांनी होते. यूईएफआयटूल या बायोसच्या फाइली उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये त्यावरून तो हुडकला, पीसीआय8086,0166 या नावाने (हा ग्राफिक्सचा ओळख क्रमांक) कोअरबूटच्या नव्या फाइलीत घातला आणि 4 एमबीची चिप पुन्हा लिहिली. ती जुनी प्रत मी निव्वळ सवयीने ठेवली होती.

संध्याकाळी डिस्कवरच्या जुन्या ग्रबच्या मेनूतून तिन्ही उठली. नवं कार्डही लागलं.

वडील न्यायला आले. वायफाय त्यांनी बघितलंही नाही. निळ्या पडद्यावर पट्टी उघडली, चष्मा कपाळावर सरकवून बेरीज पुटपुटत एकदा वरून खाली, एकदा खालून वर मोजली आणि विचारलं, "किती द्यायचे?"